मागच्या खोलीपर्यंत तार

माझी सगळी नोकरी तारेवर गेली. टेलिफोन खात्यात होते मी. आधी ट्रंक एक्स्चेंजला, कानाला हेडफोन लावून बाहेरगावचे फोन जोडून द्यायचे. ते बंद झाल्यावर तक्रारींच्या टेबलावर. लोकांचे फोन बंद पडायचे आणि ते मला बोलायचे, जणू रात्रीतून मीच येऊन त्यांची तार कापून गेले. मी ऐकून घ्यायची, तक्रार पुढे पाठवायची आणि लाइन सुरू झाली का ते स्वतः फोन लावून बघायची. निवृत्त झाले तरी ही सवय काही गेली नाही. कुणी काही मोडलं-तुटलं म्हणालं की माझे हात आधी शिवशिवतात, माणूस काय म्हणतोय ते मागाहून ऐकू येतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे झालं ते या सवयीपायीच झालं.

हे गेले तेव्हा लेक पुण्याहून आली. एकुलती एक. तिशी ओलांडलेली, आणि लग्नाचा विषय काढला की उठून पाणी प्यायला जाणारी. कॉम्प्युटरवर दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या, असं काहीसं तिचं काम. म्हणजे माझ्यावरच गेली. तेरवी झाली की परत जाईल असं मी धरून चालले होते. पाहुणे एकेक करून निघाले, सावनेरची नणंद सगळ्यात शेवटी गेली, आणि ही आपली हॉलमध्ये बसून फोनवर इंग्रजीत बोलते आहे. फोन ठेवून म्हणाली, "आई, ऑफिसनं घरून काम कराले हो म्हटलं. राहते मी काही दिवस."

मी "राहते" एवढंच ऐकलं.

तिचा कॉम्प्युटर पुण्याहून आला, मोठा, दोन पडद्यांचा. तो मी मागच्या खोलीत ठेवायला लावला, यांच्या टेबलावर. खुर्चीही यांचीच. दुसरी जागा होती कुठे? ले-आउटमधलं, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीतलं आमचं घर; पुढे हॉल, मधे स्वयंपाकघर, मागे ही खोली आणि तिच्या खिडकीला कूलर. चार वाजता यांना चहा लागायचा, तो मी तिच्या टेबलावर नेऊन ठेवायला लागले. कप यांचाच, कारण मांडणीवर तोच पुढे असायचा. कूलरमध्ये पाणी भरायचं काम यांचं, ते ती करू लागली. बँकेत जाणं, माझ्या गोळ्या आणणं, जेवताना माझ्यासमोर बसून बातम्यांवर चिडणं, सगळं हळूहळू तिच्याकडे गेलं. हे तू कर, असं मी कधी म्हटलं नाही. म्हणावं लागलंच नाही. घर पुन्हा नीट चालू लागलं आणि मी मनात म्हणायची, पोरगी होती म्हणून निभावलं बाई.

एक वर्ष असं गेलं. पुढचा उन्हाळा आला, घरोघरी कूलर घरघरू लागले, आणि तिचं नेट जाऊ लागलं.

नेटचा डबा आमच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या वरच्या फळीवर. तिथून ते हवेतून मागच्या खोलीत यायचं. मधे दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. भिंती काही त्या उन्हाळ्यात नव्यानं बांधल्या नव्हत्या, हिवाळ्यातही त्या तिथंच होत्या, पण हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. ती दार उघडून स्वयंपाकघरात यायची.

"गेलं आई पुन्हा."

"काय गेलं?"

"नेट. मीटिंगमध्ये माहं तोंड अर्ध्यातच अडकलं. सारे थांबून राहिले."

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी पोळी उलटत म्हणाले.

एरवी हसली असती. त्या दिवशी हसली नाही. दारात उभी राहून चौकटीवरचा रंग नखानं खरवडत होती. मग पाठ फिरवून जाता जाता म्हणाली, "असंच चाललं तं मले पुण्याले जा लागन."

मी घाबरले. खरं तेच सांगते. ती गेली तर या घरात मी आणि भिंतीवरचा यांचा फोटो, एवढंच उरणार होतं. आणि घाबरले की मी रडत बसत नाही, कामाला लागते.

पहिला संशय कूलरवर. कूलर म्हणजे लोखंडी पत्र्याचं खोकं, त्यात पाणी. हवेतून येणाऱ्या गोष्टीला तो आडवा येत असणार. भर उन्हाळ्यात तो बंद करून मी पोरीला घामाघूम केली. मग लक्षात आलं की कूलर तिच्या पलीकडे आहे आणि नेट अलीकडून येतं. मग शेजाऱ्यांना बोलावून लोखंडी कपाट सरकवलं. नेटचा डबा फळीवरून काढून फ्रिजवर ठेवला, फ्रिजवरून माळ्यावर. नेट कंपनीचा माणूस आला, मागच्या खोलीत उभा राहून मोबाइलवर काहीतरी मोजलं आणि म्हणाला, "काकू, रेंज तं बराबर येऊन राहिली." मला असा राग आला! ग्राहक म्हणतो लाइन खराब, आणि हा म्हणतो बराबर. तक्रारीच्या टेबलावर बसून आम्ही अशी उत्तरं दिली असती तर लोकांनी टेबल उलटं केलं असतं. त्याला मी पाणीसुद्धा विचारलं नाही. बिचारा खरं तेच सांगत होता.

शेवटी ठरवलं, तार ओढायची. डब्यापासून थेट तिच्या कॉम्प्युटरपर्यंत. हवेचा संबंधच नको.

आमच्या खात्यातले एक भाऊ आहेत. जमिनीखालच्या केबलींचे जोड करण्यात त्यांची हयात गेली. रस्त्याकडेच्या खड्ड्यात उतरायचं, शेकडो बारीक तारांतून नेमक्या दोन शोधायच्या आणि जोडायच्या. त्यांनी केलेला जोड पुन्हा उघडावा लागला, असं कधी झालं नाही. निवृत्तीनंतर नातवाला शाळेत सोडणं आणि वहिनींची बोलणी खाणं एवढंच त्यांच्याकडे उरलं होतं. मी फोन केला, तर भर दुपारी डोक्याला दुपट्टा गुंडाळून स्कूटरवर हजर.

"काहून भाऊ, इतक्या उन्हात? संध्याकाळी आले असते तं."

"लाइनचं काम सांगितलं ताई तुम्ही, अन् मी घरी बसू काय?"

आम्हा दोघांनाही फार बरं वाटलं होतं त्या दिवशी. हे मान्यच करायला हवं. मी शिडी धरून उभी, भाऊ वर, स्वयंपाकघराच्या दारावर ड्रिलनं भोक पाडत. मी म्हटलं तार खालून न्या, दिसणार नाही. ते म्हणाले, "खालून नेली तं उंदीर खाईन ताई. वरूनच जाऊ द्या." भिंतीचा चुरा माझ्या केसांत. मधेच लेक कानावरचा हेडफोन बाजूला करून बाहेर आली. "आई, मीटिंग आहे माही! हे का चालू आहे?" मी म्हटलं, "तुह्याचसाठी चालू आहे." ती वर चढत गेलेल्या तारेकडे बघत जरा वेळ उभी राहिली आणि आत गेली.

टोकाला एक पारदर्शक प्लग लावायचा असतो. तारेच्या आत आठ बारीक रंगीत तारा, दोन-दोनच्या चार जोड्या. त्या ओळीनं प्लगमध्ये सारायच्या आणि दाबायच्या. आता रंगांची ओळ आम्हाला कुणी सांगावी? निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी. हा आमच्या खात्याचा क्रम. भाऊंच्या बोटांत तो बसलेला, आणि तक्रारीच्या टेबलावर बसून माझ्या तोंडात. मी पाढ्यासारखी म्हणत गेले, ते तारा सारत गेले. प्लगच्या पुडीवर काहीतरी चित्र छापलेलं होतं. ते बघायला आमच्यापैकी कुणीही डोळ्यांवर चष्मा चढवला नाही.

"दोन्हीकडे सारखंच आहे ना ताई? मंग झालं."

कॉम्प्युटरच्या मागचा हिरवा दिवा लुकलुकला. कॉम्प्युटरला मागे नखाएवढं एक यंत्र खोचलेलं होतं, त्यातून ती हवेतलं नेट घ्यायची. ते मी उपटलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. भाऊंनी जाताना मुलीला सांगितलं, "आता बिनधास्त बोला बेटा."

दुसऱ्याच दिवशी नेट आधीपेक्षा वाईट झालं. आगीतून फुफाट्यात. दोन शब्द यायचे, चार गळायचे. मी हवालदिल. पण लेकीची गंमत अशी की ती चिडली नाही, उलट मऊ झाली. "राहू दे आई. तू एवढं केलं ना, बस झालं. नसन होत तं नसन होत." रविवारी सकाळी तिनं स्वतः तर्री-पोहे केले, मला ओट्याजवळ फिरकू दिलं नाही. संध्याकाळी मला गाडीवर मागे बसवून फुटाळ्यावर घेऊन गेली. तलावाकाठी कणीस खात तिनं मला पुण्याच्या गोष्टी सांगितल्या. तिची मैत्रीण मांजर पाळते आणि त्याला आंघोळ घालते, घराजवळच्या टेकडीवर ती सकाळी चढायला जायची, खालच्या मजल्यावरची म्हातारी तिला पुरणपोळी द्यायची. हे सगळं मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला वाटलं, पोरगी आता रमली. इतकं मोकळं बोलते म्हणजे रमलीच.

ते दिवस फार चांगले होते. आणि ते मीच संपवले.

कारण लाइन खराब आहे आणि मी स्वस्थ बसले आहे, हे मला जमेना. मोबाइलवर शोधत बसले. एक बाई तो प्लग कसा लावायचा ते दाखवत होती. तिच्या हातातला क्रम बघितला आणि मी कपाळावर हात मारला. आधी नारिंगीची जोडी. मग हिरव्यातली एक तार, मग मधेच निळ्याची पूर्ण जोडी, आणि तिच्या पलीकडे हिरव्यातली दुसरी. मग तपकिरी. फोनला एकेक जोडी पुरायची, इथला हिशेब निराळा. जो क्रम आम्हाला झोपेतही येत होता, त्यानंच आम्ही लाइन बिघडवली होती. दुसऱ्या कुणी, अगदी कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्यानंसुद्धा, पुडीवरचं चित्र बघून बरोबर लावलं असतं.

भाऊंना सांगितलं तर ते दुखावले. "जोडी तोडाची, अन् मधात दुसरी घुसवाची? हे का पद्धत झाली ताई?" पण आले. दोन्ही टोकं छाटली आणि त्या बाईच्या क्रमानं पुन्हा लावली, सबंध वेळ नाक मुरडत. लेक दारात उभी होती. "कायले करता काका? जाऊ द्या ना, उगाच उन्हात." मला वाटलं, किती समजूतदार पोरगी.

यावेळी नेट धावायला लागलं. अडकणं नाही, तुटणं नाही. मी सगळ्या ले-आउटमध्ये सांगून आले. शेजारीण म्हणाली, "तुम्ही या वयात असं करता?" मी म्हटलं, हातच्या काकणाला आरसा कशाला, येऊन बघा. आणि दिवसातून किती वेळा स्वयंपाकघरातून ओरडायची, "कसं आहे वं नेट?" "चांगलं आहे." मग, "ठीक आहे." मग नुसतं "हं." उत्तर बारीक होत गेलं. माझ्या कानांना ते कळायला हवं होतं, कानांवरच तर पोट भरलं होतं मी.

एक दिवस चार वाजता चहा घेऊन गेले. दोन्ही पडद्यांवर चेहरे अडकलेले, तोंडं उघडी. ती खुर्चीत मागे रेलून त्यांच्याकडे नुसती बघत होती. मी टेबलामागे वाकले. तार प्लगसकट खाली लोंबत होती. मी तार उचलली आणि जागेवर बसवली. टक् करून आवाज आला. पडद्यावरचे चेहरे बोलायला लागले.

"नको लावू आई."

"प्लग सैल झाला असन. भाऊले सांगते."

"सैल नाई झाला. मीच काढला."

"काहून वं?"

तिनं पडदे बंद केले. चहाकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

"नेट चांगलं असलं तं मी तुले कोणतं कारण सांगून जाऊ?"

मी तशीच वाकलेली होते, एक हात टेबलाला धरून. सरळ व्हायलाच सुचेना.

"मले नाई राहाचं आई इथं," ती म्हणाली. एकदा सुरुवात केल्यावर मग थांबली नाही. "तुह्यावर राग नाई माहा. पण मी बाबाच्या खुर्चीवर बसते, बाबाच्या कपात चहा पेते, बाबासारखी कूलर भरते. तू मले हाक मारते तं कधी कधी अर्धं त्याइचं नाव येते तुह्या तोंडात. तुले समजत बी नाई. मी बाबाची जागा भराले नव्हती आली आई. म्हटलं नेटचं निमित्त करून जाईन, तुले वाईट नाई वाटणार. तं तू तारच ओढली." आणि ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. "एकदा बिघडली तं मले वाटलं सुटली. तं तू तेही शोधून काढलं."

मी म्हटलं, "मंग आधीच सांगाचं होतं. भिंतीले भोकं तरी नसती पडली." असं म्हटलं मी. आणि चहा उचलून परत स्वयंपाकघरात गेले, कारण तो कप तिच्यासमोर तसा ठेवून जाणं मला जमेना.

ओट्याशी उभी राहिले आणि ट्रंक एक्स्चेंज आठवलं. फोन जोडून दिला की लाइन नीट लागली का, एवढं ऐकून आम्ही बाजूला व्हायचो. तेवढ्यात कितीदा कानावर पडायचं: इकडून कुणी म्हणतंय, "दादा, या दिवाळीला तरी येता का?" आणि तिकडचा आवाज, जो आतापर्यंत खणखणीत होता, एकदम, "हॅलो? हॅलो? काही ऐकू येत नाही!" मी नवीन होते तेव्हा एकदा मधेच बोलले, "बोला ना, लाइन क्लिअर आहे." माझ्या शेजारच्या जुन्या बाईंनी माझा हात दाबला. म्हणाल्या, "चूप बस वं. त्याले ऐकू नाई येऊन राहिलं तं नाई येऊन राहिलं." मग मीही शिकले. पुढे मला ते पहिल्या हॅलोलाच ओळखू यायचं. परक्या माणसांचं ओळखू यायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते माझ्यासारख्यांसाठीच असावं.

ती गेली. भांडून नाही, रुसून नाही. कॉम्प्युटर पुन्हा खोक्यात बांधला, दोघींनी मिळून. निघायच्या सकाळी तिनं कूलर काठोकाठ भरून ठेवला. मी म्हटलं, राहू दे, मी भरीन. म्हणाली, "भरते ना आई, आजच्या दिवस."

आता तिच्या जाण्याचा मला राग नाही. तरुण पोरीनं म्हाताऱ्या माणसाच्या खुर्चीत का बसावं? तिनं जायलाच हवं होतं. मला हळहळ वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. ती चुकीच्या क्रमाची तार मी तशीच राहू दिली असती, तर लेक तरीही गेलीच असती. पण मग ती म्हणाली असती, "काय करू आई, नेटच नाई इथं," आणि मी म्हणाले असते, "जा बाई, इथं राहून नोकरी घालवू नको." दोघी मिळून त्या नेटला शिव्या दिल्या असत्या, आणि दारात एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो असतो. तिनं माझ्यासाठी एक सोपी वाट काढून ठेवली होती, आणि मी शिडी धरून, भिंत फोडून, ती बंद केली. आता तिला ते बोलल्याचं ओझं आणि मला ऐकल्याचं. तिला ते कधीच बोलावं लागू नये, एवढं तरी आई म्हणून मला जमायला हवं होतं.

शेजारीपाजारी विचारतात, पोरगी का गेली हो? मी सांगते, नेट टिकत नव्हतं. सरळ सांगते, डोळ्यांत डोळे घालून. हे भाऊंच्या कानावर गेलं. आले की नाही लगेच? यावेळी हातात टेस्टर, दोन्ही टोकांना लावून लाइन तपासायचा. अपमानच झाला होता त्यांचा. एक टोक हॉलमध्ये, एक मागच्या रिकाम्या खोलीत. आठही दिवे एकामागून एक नीट लागले.

"लाइन तं एकदम ओके आहे ताई."

"हो भाऊ."

"मंग लोकांले असं काहून सांगून राहिले तुम्ही?"

मी आधण ठेवलं. ते रिकाम्या टेबलाकडे बघत राहिले, मग टेस्टरची दोरी गुंडाळली, चहा प्यायले. स्कूटरला किक मारताना म्हणाले, "तसं ताई, उन्हाळ्यात सैल होते कधी कधी जोड. कोणी विचारलं तं सांगा, भाऊनं जोड बराबर नाई केला." मी आत येऊन दार लावलं आणि हॉलमध्येच बसून रडले.

लेकीचा रविवारी फोन येतो, व्हिडिओवाला. मागे तिची पुण्याची खोली दिसते, खिडकीत वाळत घातलेले रंगीत कपडे दिसतात, कधी ती मांजरवाली मैत्रीण मधेच तोंड घालून "काकू, कशा आहात?" म्हणते. चेहरा भरलाय पोरीचा. बोलते खूप, हसते. परवाही तशीच बोलत होती आणि बोलता बोलता थांबली. फोन जरा जवळ घेतला.

"आई, खरं सांग. करमते ना तुले तिथं? एकटीले?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. नाही करमत. दिवस जाता जात नाही, बोलायला कोणी नाही, तू ये. एवढं सगळं आलं होतं. आणि हेही कळत होतं की मी म्हटलं तर ती येईल. पुन्हा कॉम्प्युटर खोक्यात बांधेल आणि येईल.

"हॅलो?" मी म्हटलं. "हॅलो? आवाज तुटून राहिला वं तुहा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग मोठ्यानं म्हणाली, "हो आई, माह्याकडे बी तुटून राहिला. ठेवते मंग."

चित्र शेवटपर्यंत स्वच्छ होतं. तिच्या डोळ्यांत आलेलं पाणीसुद्धा मला दिसत होतं, म्हणजे माझंही तिला दिसलंच असणार.